घरातला पहिला गेमिंग कन्सोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कन्सोल घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती ताकदीची. कुठला जास्त वेगवान, कुणाचे ग्राफिक्स सरस. एकट्याने खेळणाऱ्यासाठी ही चर्चा योग्यच आहे, पण सगळ्या घरासाठी घ्यायचा असेल तर ती जरा बाजूला ठेवावी. आधी घरातल्या कोणत्या दोन माणसांनी एकत्र बसून खेळावं असं तुम्हाला वाटतं ते ठरवा. दोघं भाऊ, आई आणि मुलगा, आजोबा आणि नात. जोडी ठरली की तिला झेपेल, आवडेल असा गेम शोधता येतो, आणि गेम सापडला की कन्सोल निवडायला फारसं उरत नाही.

थेट उत्तर हवं आहे. निन्टेंडो, प्लेस्टेशन की एक्सबॉक्स?

घरात दहा वर्षांखालची मुलं आहेत आणि मोठ्यांपैकी कुणी फारसं गेम खेळलेलं नाही, अशा घराला मी डोळे झाकून निन्टेंडो स्विच सुचवेन. जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ किंवा २०१७ पासूनचा मूळ स्विच, दोन्ही चालतील. मारिओ, किर्बी, पोकेमॉन यांचे मुख्य गेम प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर मिळत नाहीत, आणि एकाच खोलीत बसून खेळण्याचा जितका विचार निन्टेंडो करते तितका बाकीचे करत नाहीत. टीव्हीवर दुसरं कुणी काही पाहत असेल तर तोच कन्सोल हातात घेऊन खेळता येतो, हाही रोजच्या आयुष्यातला मोठा फायदा.

मुलं तेरा-चौदाच्या पुढची असतील, फुटबॉल, गाड्यांच्या शर्यती, मोठ्या कथांचे गेम यांची ओढ असेल, तर प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स अथवा एस. या दोन कंपन्यांमध्ये निवडताना मुलांचे मित्र कशावर खेळतात ते विचारा. माइनक्राफ्ट, फोर्टनाइट, रॉकेट लीग यांसारखे गेम वेगवेगळ्या कन्सोलवरूनही एकत्र खेळता येतात, पण सगळ्याच गेमना ही सोय नसते.

स्विच लाइट हा मात्र घरासाठीचा कन्सोल समजू नका. तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर वेगळे निघत नाहीत. एका मुलाच्या हातातलं यंत्र म्हणून तो छान आहे.

फोन आणि टॅबलेट घरात आहेतच. मग कन्सोल कशाला?

फोनवरचा गेम एकटा माणूस मान खाली घालून खेळतो. टीव्हीवरचा गेम खोलीतल्या सगळ्यांना दिसतो. मूल काय खेळतंय, कुठे अडकलंय, कुणाशी बोलतंय हे मुद्दाम डोकावून न पाहताही कळतं. शिवाय फोनवरचे बरेच फुकट गेम जाहिरातींवर आणि सतत काहीतरी विकत घ्यायला लावण्यावर चालतात. कन्सोलवरही तसे गेम आहेत, पण एकदा पैसे देऊन पूर्ण मिळणाऱ्या, सुरुवात आणि शेवट असलेल्या गेमची निवड तिथे खूपच मोठी आहे. माझ्या मते लहान मुलांसाठी हेच कन्सोलचं सगळ्यात सबळ कारण आहे.

आम्हा चौघांना एकाच वेळी खेळता येईल का?

येईल, पण गेमवर अवलंबून आहे. इथेच सगळ्यात जास्त लोकांची निराशा होते, म्हणून थोडं सविस्तर.

‘मल्टिप्लेअर’ असं लिहिलं आहे म्हणजे एकाच सोफ्यावर बसून खेळता येईल असं नाही. आजकाल बऱ्याच गेममध्ये त्याचा अर्थ फक्त ऑनलाइन असा असतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळा कन्सोल, वेगळा टीव्ही आणि गेमची वेगळी प्रत. ऑनलाइन स्टोअरच्या पानावर एकाच कन्सोलवर किती खेळाडू आणि ऑनलाइन किती, हे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. आपल्याला पहिला आकडा पाहायचा आहे.

मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये एका टीव्हीवर चौघं शर्यत लावू शकतात. त्यात गाडी निवडायच्या पडद्यावर प्लसचं बटण दाबलं की दोन मदती सुरू करता येतात. एक गाडीला रस्त्याबाहेर जाऊ देत नाही आणि दुसरी वेग आपोआप चालू ठेवते. चार-पाच वर्षांचं मूल फक्त उजवी-डावीकडे वळत राहिलं तरी शर्यत पूर्ण करतं, आणि त्याच शर्यतीत त्याचा मोठा भाऊ सगळ्या मदती बंद करून जीव तोडून खेळत असतो. दोघांनाही मजा येते. घरासाठीचा गेम निवडताना मी हाच गुण आधी शोधते : एकाच खेळात प्रत्येकाला आपापल्या कुवतीप्रमाणे मदत मिळते का?

माइनक्राफ्टमध्येही टीव्हीचे चार भाग करून चार जण खेळू शकतात, मात्र पडदा लहान असेल तर अक्षरं वाचताना डोळे बारीक करावे लागतील. ओव्हरकूक्ड हा स्वयंपाकघरातल्या धावपळीचा चौघांचा गेम. आरडाओरडा भरपूर होतो, त्यामुळे शांतताप्रिय घरांनी त्याचा ‘असिस्ट मोड’ (खेळ सोपा करणारी सोय) असलेला ‘ऑल यू कॅन ईट’ हा संच घ्यावा. लेगोचे बहुतेक गेम दोघांचे असतात आणि दुसरा खेळाडू मध्येच येऊ किंवा उठून जाऊ शकतो. मध्येच हाक येणाऱ्या आईवडिलांसाठी यासारखी दुसरी सोय नाही. इट टेक्स टू हा २०२१ मधला गेम तर दोघांशिवाय सुरूच होत नाही. किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी आणि पालक या जोडीसाठी तो उत्तम आहे, मात्र विषय आईवडिलांच्या घटस्फोटाच्या निर्णयाचा आहे हे आधी माहीत असू द्या.

एक अडचण आधीच सांगते. अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्समध्ये एका स्विचवर एकच बेट तयार होतं, मग घरात खेळणारे कितीही असोत. जो पहिल्यांदा सुरू करतो तो बेटाचा प्रमुख होतो आणि गोष्ट पुढे नेणारी महत्त्वाची कामं त्याच्याच हातून होतात. बाकीचे त्याच बेटावर घर बांधून राहतात. दोन भावंडांपैकी आधी कोण सुरू करणार हे ठरवूनच डबा उघडा, नाहीतर भांडण अटळ आहे.

आजी-आजोबांना जमेल का?

जमेल. फक्त नवख्या माणसाला नेमकं काय जड जातं ते लक्षात घ्या. बटणं पाठ होतात. खरी पंचाईत होते ती दोन अंगठ्यांनी कंट्रोलरवरच्या दोन काड्या (स्टिक) एकाच वेळी फिरवताना : डावीने माणूस चालवायचा आणि उजवीने आपण कुठे बघतोय ती दिशा वळवायची. लहानपणापासून खेळणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही, पण साठीच्या माणसाचं पात्र भिंतीला तोंड लावून उभं राहतं आणि दोन मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवला जातो.

म्हणून सुरुवात अशा गेमने करा ज्यात उजवी काडी लागतच नाही. शर्यतीचे गेम, टेट्रिस, ओव्हरकूक्ड, डावीकडून उजवीकडे जाणारे मारिओचे गेम. निन्टेंडो स्विच स्पोर्ट्समधलं बोलिंग तर हात झुलवून खेळायचं असतं. मनगटाचा पट्टा मात्र न विसरता बांधा, कारण जोरात हात फिरवताना कंट्रोलर सुटून टीव्हीवर आपटू शकतो. जस्ट डान्समध्ये स्मार्टफोनच हातात धरून नाचता येतं, वेगळा कंट्रोलर लागत नाही.

एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन ५ वर आणखी एक सोय आहे, तिची फारशी चर्चा होत नाही. दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवता येतो. आजोबा गाडी वळवतील, नात ब्रेक सांभाळेल. प्लेस्टेशनवर ही सोय २०२३ मध्ये आली, एक्सबॉक्सवर ती त्याआधीपासून आहे. हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेल्यांसाठी एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आणि प्लेस्टेशनचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर मिळतो. त्यांत मोठी बटणं आपल्या सोयीने मांडता येतात.

किती कंट्रोलर घ्यायचे?

कन्सोलच्या दिवशीच निदान दोन. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या खोक्यात सहसा एकच येतो, आणि एकच कंट्रोलर असलेला ‘घरातला’ कन्सोल आठवड्याभरात एकाच मुलाचा होऊन बसतो. एखादा गेम कमी घ्या, पण दुसरा कंट्रोलर घ्या. स्विच आणि स्विच २ च्या खोक्यात जॉय-कॉनची जोडी असते, आणि आडवा धरला की त्यातला एकेक स्वतंत्र कंट्रोलर होतो. अनेक गेम दोघांना लगेच खेळता येतात, पण मोठ्या माणसाच्या हाताला तो फार बारीक पडतो. तासभर खेळणाऱ्यासाठी पूर्ण आकाराचा कंट्रोलर हवाच.

एक्सबॉक्सचा कंट्रोलर दोन डबल ए सेलवर चालतो, त्यामुळे चार्ज होणारे सेल घेऊन ठेवा. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये बॅटरी आतच असते.

डिस्कवाला घ्यावा की डिजिटल?

जमत असेल तर डिस्कवाला. डिस्क मित्राला देता येते, त्याच्याकडून आणता येते, कंटाळा आला की विकता येते, वापरलेली घेता येते. डिजिटल गेम तुमच्या अकाउंटला जोडलेला असतो आणि तो विकता येत नाही. पाच वर्षं हिशेब ठेवला तर मुलांच्या घरात हा फरक मोठा होतो.

एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये डिस्कची सोय नाही आणि नंतरही बसवता येत नाही. प्लेस्टेशन ५ च्या २०२३ पासूनच्या सडपातळ मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो, फक्त तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. २०२४ मधल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्येही ड्राइव्ह सोबत येत नाही.

स्विच २ चे गेम (ते डिस्कऐवजी कार्डावर येतात) घेताना खोक्यावर ‘गेम-की कार्ड’ असं लिहिलं आहे का पाहा. अशा कार्डात पूर्ण गेम नसतो. तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि खेळताना कार्डही आत असावं लागतं. कार्ड दुसऱ्याला देता येतं, एवढा तरी फायदा राहतो.

निन्टेंडोने २०२५ मध्ये डिजिटल गेम कुटुंबाच्या गटात १४ दिवसांपर्यंत उसने द्यायची सोयही केली आहे. घरात दोन स्विच असतील तर ती उपयोगी पडते.

स्टोरेज किती लागेल?

जितकं जास्त तितकं बरं. मूळ स्विचमध्ये ३२ जीबी, ओलेड मॉडेलमध्ये ६४ आणि स्विच २ मध्ये २५६ जीबी जागा आहे. सिरीज एस सुरुवातीला ५१२ जीबीचा आला, सिरीज एक्स १ टीबीचा, आणि पहिला प्लेस्टेशन ५ होता ८२५ जीबीचा. यातली बरीच जागा यंत्र स्वतःसाठी वापरतं, आणि मोठा गेम शंभर जीबीच्या घरात सहज जातो. डिस्क असली तरी प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवर गेम आत उतरवावाच लागतो. स्विचची जागा वाढवणाऱ्या कार्डासाठी एक सूचना : जुन्या स्विचला साधं मायक्रोएसडी कार्ड चालतं, पण स्विच २ वर गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस हाच प्रकार लागतो.

दर महिन्याचं सबस्क्रिप्शन लागतंच का?

घरातल्या घरात खेळायला नाही लागत. फोर्टनाइटसारखे फुकट गेम ऑनलाइन खेळायलाही तिन्ही कन्सोलवर लागत नाही. विकत घेतलेले गेम ऑनलाइन खेळायचे असतील तर मात्र बहुतेक वेळा लागतं.

घर म्हणून घेताना एक फरक पाहा. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर एका मोठ्या माणसाच्या अकाउंटवर सबस्क्रिप्शन घेतलं आणि तो कन्सोल त्याचा मुख्य कन्सोल म्हणून नोंदवला, की त्यावरचे बाकीचे सदस्यही ऑनलाइन खेळू शकतात. गेमचंही तसंच, म्हणून सगळी खरेदी एकाच मोठ्याच्या अकाउंटवरून करावी. निन्टेंडोचं साधं सदस्यत्व फक्त त्या एकाच माणसाला लागू होतं. एकापेक्षा जास्त जण ऑनलाइन खेळणार असतील तर त्यांचं फॅमिली सदस्यत्व घ्या, त्यात आठ अकाउंट सामावतात.

पहिले दोन-तीन महिने कुठलंच सबस्क्रिप्शन घेऊ नका. दोन चांगले गेम पूर्ण खेळा. एक्सबॉक्सच्या गेम पास या सबस्क्रिप्शनमध्ये शेकडो गेम मिळतात हे खरं, पण शेकडोंमध्ये मूल दहा मिनिटं हे, दहा मिनिटं ते असं करत राहतं आणि कशातच रमत नाही.

गेमच्या खोक्यावरचे वयाचे आकडे कसे वाचायचे?

युरोपातली पेगी ही पद्धत ३, ७, १२, १६, १८ असे आकडे देते. अमेरिकेतली ईएसआरबी अक्षरं वापरते : ई म्हणजे सगळ्यांसाठी, ई १०+ म्हणजे दहाच्या पुढे, टी तेराच्या पुढे, एम सतराच्या पुढे. हे आकडे गेमचा मजकूर मुलाला योग्य आहे का ते सांगतात. गेम सोपा आहे की अवघड, हे त्यावरून कळत नाही. बुद्धिबळाच्या गेमलाही ३ मिळू शकतो.

आकड्याखालच्या बारीक ओळी वाचायची सवय लावा. ईए स्पोर्ट्स एफसी २४ या फुटबॉलच्या गेमला पेगीने ३ दिला, पण सोबत गेममधल्या खरेदीची सूचनाही आहे, कारण आत काय निघेल हे माहीत नसलेली खेळाडूंची पाकिटं त्यात खऱ्या पैशांनी घेता येतात. उलट ग्रँड थेफ्ट ऑटो ५ ला १८ आहे आणि तो आकडा अगदी शब्दशः घ्यावा. ‘वर्गातले सगळे खेळतात’ हे त्यावरचं उत्तर होत नाही.

मुलांचा वेळ आणि खर्च कसा आवरायचा?

मुलाला मुलाचंच अकाउंट काढून द्या, खऱ्या जन्मतारखेसह. मोठ्यांच्या अकाउंटवर मूल खेळू लागलं की सगळी नियंत्रणं निरुपयोगी होतात. मोठ्यांच्या अकाउंटला पासकोड ठेवा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सेटिंग करा. कार्ड जोडून ठेवण्याऐवजी ठरावीक रकमेचं गिफ्ट कार्ड वापरलं तर खर्चाला आपोआप कुंपण पडतं.

तिन्ही कंपन्यांची पालकांसाठी फोनवर चालणारी अ‍ॅप आहेत. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवर प्रत्येक मुलाला वेगळी वेळ लावता येते. स्विचवर वेळेची मर्यादा अख्ख्या यंत्राला लागते, म्हणजे एका भावाने तास संपवला की दुसऱ्याचाही संपला. दोन मुलांच्या घरात ही वेळ कशी वाटायची ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

वेळ संपताच यंत्र आपोआप थांबवायची सोयही आहे, पण ती मी शेवटचा उपाय म्हणून ठेवेन. चालू सामना तुटला की मुलाला तो अन्याय वाटतो, आणि ऑनलाइन असेल तर त्याच्या संघातल्या बाकीच्यांचंही नुकसान होतं. ‘अर्धा तास’ म्हणण्यापेक्षा ‘आणखी दोन शर्यती’ म्हणा. मूल ते मोजू शकतं आणि पाळतंही.

अनोळखी लोकांशी बोलणं लहान मुलांसाठी सुरुवातीपासून बंदच ठेवा. स्विच २ च्या गेमचॅट या खेळताना बोलायच्या सोयीला सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांनी अ‍ॅपमधून परवानगी द्यावी लागते, ती विचार करून द्या.

घरात कुणाला फिट येत असतील तर खेळण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या, कारण लखलखणारे दिवे काहींना त्रास देतात.

नवा टीव्ही घ्यावा लागेल का?

नाही. एचडीएमआयची जागा असली की पुरे. पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधा आणि तो चालू करा. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी प्रत्येक दृश्यावर थोडं काम करतो आणि त्यात क्षणभराचा उशीर होतो. सिनेमा पाहताना तो जाणवत नाही. गेममध्ये मात्र बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडी मारतो, खड्ड्यात पडतो, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. नवख्या माणसाच्या बाबतीत हा उशीर फार वाईट, कारण चूक यंत्राची आहे हे त्याला कळत नाही.

सेकंडहँड घेतला तर?

जरूर घ्या, पण चालू करून पाहूनच. स्विचवर सेटिंगमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरच्या भागात काडी तपासायची सोय आहे. काडीला हात न लावता पडद्यावरचा ठिपका मधोमध स्थिर राहतो का ते पाहा. सरकत असेल तर जॉय-कॉन बदलावे लागतील. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असेल तर डिस्क आत घेतो का, बाहेर देतो का, पंख्याचा आवाज घरघर करतो का. यंत्र विक्रेत्यासमोरच ऑनलाइन स्टोअरमध्ये शिरतं का पाहा, कारण कंपनीने बंदी घातलेलं यंत्र तिथे अडकतं. मग विक्रेत्याकडून त्याचं अकाउंट काढून घ्या आणि यंत्र पूर्ण रिकामं करून घ्या.

व्हीआर हेडसेट घरासाठी कसा आहे?

पहिलं यंत्र म्हणून नको. एक जण तो डोळ्यांवर चढवून खेळतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघत बसतात.

वाढदिवसाला कन्सोल द्यायचा आहे. आधी काही तयारी करावी का?

नक्की करा. आदल्या रात्री, मुलं झोपल्यावर, कन्सोल टीव्हीला जोडा. पहिल्यांदा चालू करताना यंत्राचं अपडेट, मग कंट्रोलरचं, मग गेमचं असं सगळं उतरत राहतं आणि धीमं इंटरनेट असेल तर त्यात तासन्तास जातात. तुमचं अकाउंट, मुलांची अकाउंट, खरेदीचा पासवर्ड, बोलण्याची बंदी, सगळं त्याच रात्री लावून टाका. नव्या खेळासमोर उभं असलेलं मूल सेटिंग पूर्ण होऊ देत नाही. दोन्ही कंट्रोलर चार्ज करा, एक गेम पूर्ण उतरवून एकदा सुरू करून बघा, त्यातल्या लहानांसाठीच्या मदती कुठे आहेत ते शोधून ठेवा, आणि मग सगळं परत खोक्यात भरा.